जुना मिररलेस कॅमेरा बदलावा की ठेवावा?

कॅमेरा बदलायचा की नाही, हा निर्णय आपल्याच हार्ड डिस्कवरील फसलेल्या छायाचित्रांवरून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत अनेकांच्या हाती आज २०१४ ते २०१८ या काळातील मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसते कॅमेरे, आहेत. सोनीचा ए६०००, फुजीफिल्मचा एक्स-टी२० आणि कॅननचा एम५० ही त्यांतली नेहमी दिसणारी नावे. लग्नसराई तोंडावर आली किंवा शिवजयंतीची मिरवणूक जवळ आली की नव्या बॉडीचा विषय निघतो. त्या वेळी दुकानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून गेल्या सहा महिन्यांतील टाकून दिलेले शंभर-दोनशे फोटो उघडावेत आणि प्रत्येकाचे दुखणे वहीत लिहावे: हललेला, फोकस चुकलेला, अंधारामुळे दाणेदार झालेला, की क्षणच हुकलेला. फोटोच्या माहितीत शटरचा वेग, छिद्र (लेन्स किती उघडली ते) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) हे तिन्ही आकडे नोंदलेले असतात. तेही सोबत उतरवून घ्यावेत. ज्या दुखण्याखाली सर्वाधिक नोंदी होतील, त्याचे मूळ बॉडीत आहे की अन्यत्र, एवढाच प्रश्न नंतर सोडवायचा उरतो.

आपल्याकडे बहुधा पहिला क्रमांक अंधाराचा लागतो. बेळगावची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, आणि त्या उजेडात कॅमेऱ्यासोबत मिळालेली १६-५० मिलिमीटरची झूम लेन्स ५० मिलिमीटरला एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (एफ चा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). त्याच जागी एफ १.८ ची साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स लावली, तर सेन्सरवर जवळजवळ दहापट प्रकाश पडतो. म्हणजे ज्या दृश्याला आयएसओ ६४०० लागत होता, ते ६४० च्या आसपास निघते. याउलट तीच एफ ५.६ ची मर्यादा ठेवून या बॉडींतील लहान एपीएस-सी सेन्सरवरून मोठ्या फुल फ्रेम सेन्सरवर गेल्यास सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २.३ पट होते आणि लाभ सव्वा स्टॉपच्या आसपास मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). खर्च मात्र कित्येक पटींनी वाढतो, कारण बॉडीबरोबर लेन्सही नव्या घ्याव्या लागतात. म्हणून अंधाराच्या तक्रारीवर पहिला उपाय लेन्स हाच होय. सोनीच्या ई माउंटसाठी (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसवण्याची खाच) सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४ लेन्स २०१६ पासून बाजारात आहे आणि ती पुढे बॉडी बदलली तरी कामी येते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एफ १.४ ला नवरा फोकसमध्ये आणि शेजारची करवली धूसर, असे होते. त्यामुळे ज्यांना गर्दीतील समूहचित्रे अधिक काढायची आहेत, त्यांनी एफ २.८ ची झूम लेन्स घ्यावी. त्यासोबत जेपेगऐवजी रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद ठेवणाऱ्या, फाइलमध्ये काम सुरू करावे. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलेली एआयवर आधारित नॉइज (दाणे) कमी करण्याची सोय दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइललाही लागू पडते, आणि तिचा परिणाम पाहून अनेकांचा बॉडी बदलण्याचा विचार मागे पडेल.

मांडवातील एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, हीही नेहमीची तक्रार आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले, की बहुतेक पट्टे जातात. सजावटीच्या काही दिव्यांची लय मात्र वेगळी असते आणि तेथे हा उपाय अपुरा पडतो.

फोकसची गोष्ट निराळी आहे. येथे नव्या बॉडीचा पक्ष खरोखर बळकट होतो. २०१४ चा ए६००० सेकंदाला ११ चित्रे टिपतो, पण हलत्या माणसाचा डोळा सतत धरून ठेवणे त्याला जमत नाही. २०१९ च्या ए६४०० पासून हा मागोवा विश्वासार्ह झाला, आणि २०२३ चा ए६७०० पक्षी व प्राणीही ओळखतो. आनंदवाडीच्या आखाड्यातील कुस्ती किंवा खानापूरच्या जंगलात फांद्यांआडून उडणारा धनेश टिपणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. तरीही आधी सतत फोकसची सेटिंग चालू करून आणि शटर १/५०० च्या वर नेऊन दोन-तीन सकाळी सराव करावा, कारण फोकस चुकल्यासारखे वाटणारे कित्येक फोटो प्रत्यक्षात मंद शटरमुळे हललेले असतात. एवढे करूनही निम्मे फोटो वाया जात असतील, तर दोष बॉडीचा मानण्यास हरकत नाही.

मेगापिक्सेलसाठी कॅमेरा बदलू नये. २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० बिंदूंची फाइल १२ बाय १८ इंचांच्या अल्बमच्या पूर्ण पानावर दर इंचाला ३३३ बिंदू देते, आणि छपाईला ३०० पुरेसे होतात. पैसे घेऊन लग्ने करणाऱ्यांसाठी मात्र दोन कार्डांची सोय हे बदलाचे अतिशय रास्त कारण आहे, कारण कार्ड बिघडले तर अक्षता पुन्हा पडत नाहीत. येथे खरेदीत चूक होते ती अशी, की नवे म्हणजे दोन कार्डे असणारच असे गृहीत धरले जाते. वास्तविक ए६७०० मध्येही एकच कार्ड बसते, तर सोनीच्याच २०१८ च्या ए७ III मध्ये दोन बसतात. नाटक किंवा कीर्तन अखंड चित्रित करणाऱ्यांना जुन्या बॉडीतील साधारण अर्ध्या तासाची रेकॉर्डिंगची मर्यादाही अडचणीची ठरते.

यानंतर माउंटचा विचार करावा. ई माउंट आणि फुजीचा एक्स माउंट चालू आहेत, त्यामुळे त्यांच्या लेन्समध्ये घातलेला पैसा सुरक्षित आहे. कॅननच्या एम५० वाल्यांची स्थिती अवघड आहे, कारण त्याचा ईएफ-एम माउंट आता चालू नाही. त्याच्या ईएफ-एम लेन्स सेन्सरपासून १८ मिलिमीटरवर बसण्यासाठी घडवलेल्या आहेत, आणि कॅननच्या नव्या आरएफ माउंटच्या बॉडीत हे अंतर मुळातच २० मिलिमीटर असल्याने मध्ये अडॅप्टर बसवायला जागाच उरत नाही. एम५० असणाऱ्यांनी म्हणूनच नव्या ईएफ-एम लेन्स घेण्यापेक्षा आरएफकडे जाण्यासाठी पैसे साठवावेत. कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) ईएफ लेन्स असतील तर त्या अडॅप्टरने आरएफवर उत्तम चालतात.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातील पावसाळा लेन्सला बुरशी आणतो, आणि चित्र धूसर दिसू लागले की दोष कॅमेऱ्याच्या वयावर जातो. लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर नव्या बॉडीवरही ती लेन्स तशीच धूसर चित्रे देईल. बुरशी धरूच नये यासाठी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. शटर किंवा बटणे खरोखर बिघडली असतील, तर दुरुस्तीचा खर्च विचारून घ्यावा आणि तो त्याच मॉडेलच्या वापरलेल्या बॉडीच्या निम्म्या किमतीपलीकडे जात असेल तर दुरुस्ती टाळावी.

इतके तपासूनही बदल करायचे ठरले, तर इच्छित बॉडी दोन दिवस भाड्याने घेऊन आपल्याच नेहमीच्या कामावर वापरावी. कोल्हापुरातून आणावी की बेळगावातच घ्यावी, हा सीमाभागातील नेहमीचा प्रश्न आहे. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच असल्याने करात बचत होत नाही. ज्यांचा स्टुडिओ कर्नाटकात जीएसटीखाली नोंदलेला आहे, त्यांनी महाराष्ट्रातील काउंटरवर खरेदी करण्यापूर्वी भरलेल्या कराची वजावट मिळेल का, हे आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे. बिलाविना मिळणारा स्वस्त माल घेऊ नये, कारण त्यावर कंपनीची भारतातील वॉरंटी मिळत नाही.

जुनी बॉडी लगेच विकण्याची घाईही करू नये. चिंचलीच्या मायाक्का यात्रेत भंडारा उधळला जात असताना लेन्स बदलणे म्हणजे हळदीची पूड थेट सेन्सरवर घेणे होय; अशा वेळी नव्या बॉडीवर झूम आणि जुनीवर प्राइम चढवून दोन्ही गळ्यात ठेवाव्यात आणि घरी परतेपर्यंत एकही लेन्स काढू नये.