फोर्कलिफ्ट चालवता येते, आता ट्रेनर व्हायचंय? मग हे वाचा

चाकण, रांजणगाव, भिवंडी, उरण साइडला वर्षानुवर्षं फोर्कलिफ्ट मारणारी भरपूर पोरं आहेत, गाडी अशी फिरवतात की बघत राहावं, पण पगार एका जागी अडकला की विचारतात ट्रेनर कसं व्हायचं. तर पहिलं म्हणजे हात बसलाय हे अर्धंच काम झालं, तुम्ही जे अंदाजाने करता ते का करता हे समोरच्याला सांगता आलं पाहिजे.

सुरुवात डेटा प्लेटपासून करा, म्हणजे गाडीवर क्षमता लिहिलेली पाटी. गाडी ३ टनाची आहे म्हणजे कसाही ३ टन उचलेल असं नाही ना, प्लेटवर लोड सेंटर दिलेलं असतं, बहुतेक ५०० मिमी, म्हणजे काट्यांच्या उभ्या भागापासून मालाचा मध्य तेवढ्यात असेल तरच ३ टन. २ मीटरची पेटी लांबीत घेतली की मध्य गेला १ मीटरवर आणि क्षमता धाडकन खाली. हे बोर्डवर काढत बसू नका, रिकामी पेटी आणा, टेप लावा, पोरांकडूनच मोजून घ्या. मग स्टॅबिलिटी ट्रँगल, म्हणजे गाडीचा तोल ज्याच्या आत राहिला पाहिजे तो त्रिकोण. चाकं चार असताना त्रिकोण कसा काय, हे कोणीतरी विचारणारच, आणि तुम्ही अडखळलात की बॅच हातातून गेली! मागचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे गाडी पुढची दोन चाकं आणि ती पिन अशा तीनच जागांवर तोललेली असते, एवढं नीट पाठ पाहिजे.

प्रॅक्टिकलला कोन लावून आठचा आकडा मारायला लावा आणि पॅलेटवर पाण्याची बाटली उभी ठेवा. बाटली पडली की ब्रेक कसा मारला ते आपोआप कळतं, ओरडायची गरजच नाही. कारवरून आलेला पोरगा हमखास लवकर वळतो किंवा मागची बाजू रॅकला घासतो कारण इथे मागची चाकं वळतात. रॅम्पवर माल घेऊन उतरताना रिव्हर्स, हे तर जुने ऑपरेटरपण टाळतात, त्यांना शिकवणं नवख्यांपेक्षा अवघड.

कागदांचं म्हणाल तर सेक्टर स्किल काउन्सिलचं (त्या त्या उद्योगाची कौशल्य संस्था) ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स सर्टिफिकेट करून घ्या, इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा झाला तर सेफ्टी ऑफिसर लोक लवकर भाव देतात. १९८७ ला कारखाने कायद्यात ७अ कलम आलं तेव्हापासून कामगाराला ट्रेनिंग देणं मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे ऑडिट जवळ आलं की फोन येतातच. अमेरिकन कंपन्यांचे प्लांट बरेचदा ओशाचा (तिकडची कामगार सुरक्षा संस्था) नियम धरतात, दर ३ वर्षांनी ऑपरेटरची तपासणी आणि अपघात झाला किंवा थोडक्यात वाचला तर रिफ्रेशर, म्हणून जुन्या बॅचच्या तारखा एक्सेलमध्ये ठेवा आणि स्वतःहून फोन करा, खरं उत्पन्न तिथेच आहे.

एक होतंच, डिस्पॅचवाला म्हणतो माणसं कमी आहेत, सगळ्यांना पास करा. करायचं नाही. शीटवर सही तुमची असते आणि उद्या काही झालं तर पहिला फोन तुम्हालाच.

क्वोटेशनमध्ये गाडी, चार्ज केलेली बॅटरी किंवा डिझेल, मोकळं यार्ड आणि एका गाडीमागे जास्तीत जास्त आठ माणसं हे लिहूनच घ्या, नाहीतर चालू शिफ्टमधली गाडी देतात आणि अर्धा दिवस वाट बघण्यात जातो.