एमजीबीचे जुळे एसयू कार्ब घरच्या घरी ट्यून करायचे असतील तर

जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आयडलला थरथरायला लागली की बरेच मेकॅनिक आधी कार्बखालचा मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) नट फिरवतात. प्लीज तसं करू देऊ नका, ते सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी टॅपेट, पॉइंट, प्लग, टायमिंग आणि मगच कार्ब. (मी एचएस4 या एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या मॉडेलबद्दल लिहितोय.)

थ्रॉटलचा स्पिंडल (थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते तो दांडा) हलवून बघा, प्ले असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि मग कितीही ट्यून करा, जमणारच नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडला चांगले लेथवाले आहेत, बुश बनवून घ्या. डॅशपॉटमध्ये (कार्बच्या वरच्या घुमटात) एसएई 20 ऑइल, कार्बच्या पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडाच्या अर्धा इंच वरपर्यंत.

फ्लोटची (कार्बच्या चेंबरमधलं पेट्रोल ठरावीक पातळीला ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) लेव्हलही बघाच. ओझरच्या मिग विमानांचे आवाज ऐकत वाढलेल्यांसाठी सांगतो, ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनलाही एसयूचाच फ्लोटवाला कार्ब होता, ब्रिटनवरच्या 1940 च्या हवाई लढाईत नाक झटकन खाली घातलं की पेट्रोल चेंबरमध्ये वर उसळायचं आणि इंजिन गचके द्यायचं, जर्मन मेसरश्मिट विमानाला मात्र इंजेक्शन असल्याने काहीच व्हायचं नाही. 1941 ला बिट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या लाइनमध्ये छोट्या भोकाची चकती बसवून ते बरंच आटोक्यात आणलं. केवढं साधं आणि केवढं भारी काम!

आता इंजिन चांगलं गरम करा, एअर फिल्टर काढा, दोन्ही कार्ब जोडणारे क्लॅम्प ढिले करा. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बच्या तोंडाशी धरा आणि दोन्हीकडची फुसफुस सारखी येईपर्यंत आयडलचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. घाई करू नका, अख्खं ट्यूनिंग यावरच आहे.

मग मिक्श्चर. बॉडीखालच्या पिनने पिस्टन जेमतेम 1 मिमी उचला. आरपीएम वाढून तसेच राहिले तर रिच (पेट्रोल जास्त), नट वर घ्या. इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), नट खाली. एका वेळी नटाचा एकच पैलू. किंचित वाढून जागेवर आलं की झालं, मग दुसरा कार्ब आणि परत पहिला.

हल्ली पंपावर ई20 (20% इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याने गाडी थोडी लीन चालते आणि जुने रबरी पाइपही खराब होतात, इथेनॉल चालणारेच पाइप टाका.

क्लॅम्प आवळा, त्र्यंबक रोडला चक्कर मारा आणि इंजिन गार झाल्यावर प्लग बघा. फिकट तपकिरी असेल तर बरोबर, काजळी दिसली तर नट अजून एक पैलू वर.