बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी स्वस्त यंत्र बनवताय? या चुका टाळा

बटण दाबलं की शब्द ऐकवणारं यंत्र घरीही जुळवता येतं: मायक्रोकंट्रोलर (कोड चालवणारी छोटी चिप), डीएफप्लेअर मिनीसारखं एमपीथ्री मॉड्यूल, मेमरी कार्ड, छोटा स्पीकर. टेबलावर ते छान चालतं. मुलाच्या हातात गेलं की तक्रारी सुरू होतात.

पहिली ठरलेली: एकदा दाबलं, तीनदा बोललं. बटणातली पट्टी थरथरते म्हणून कोडमध्ये २० ते ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स टाकतात, म्हणजे तेवढ्या वेळातली थरथर मोजायची नाही. तो हवाच, पण थरथरणाऱ्या हाताला तो पुरत नाही. किती वेळ दाबून धरल्यावर शब्द वाजावा आणि त्यानंतर किती वेळ पुढचा स्पर्श मोजू नये, या दोन वेळा वेगळ्या ठेवा. त्या मुलागणिक बदलतात. म्हणून कोडमध्ये गाडू नका, मागे दोन नॉब द्या. दरवेळी लॅपटॉप कोण उघडणार? पैसे वाचवायला टचपॅडही नको. लाळेचा एक थेंब पडला की ते आपणहून बोलायला लागतं.

शब्द सुरू होताच यंत्र रीसेट होत असेल, तर कोडवर रात्र घालवण्याआधी वीजपुरवठा तपासा. स्पीकर एकदम करंट ओढतो आणि व्होल्टेज पडतं. मॉड्यूलजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा. खरखर येते? मॉड्यूलला कमांड पोचवणाऱ्या आरएक्सच्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका. थोड्या वेळाने आपोआप बंद पडतं? करंट फारच कमी लागला की बऱ्याच पॉवर बँक स्वतःच बंद होतात. ‘पाणी’ दाबल्यावर ‘झोप’ ऐकू येत असेल, तर मॉड्यूल फाइली कार्डावर कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतंय. फाइलींना चार आकडी नावं देऊन ‘mp3’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरसाठीची कमांड वापरा.

हे सगळं दुरुस्त होतं. शब्दच चुकीचे निवडले, तर मात्र यंत्र कपाटात जातं. आठ बटणं, त्यांवर पाणी, भूक, शू, दुखतंय... मूल म्हणजे काय फक्त गरजांची यादी? ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘बघ’, ‘मी’, ‘तू’ हवेतच. ‘नको’ म्हणता आलं की काही मुलं वस्तू कमी फेकतात. नवे शब्द घालताना जुन्यांच्या जागा हलवू नका, कारण चित्र न बघताही बोट सवयीने तिथे जातं; सुरुवातीलाच काही बटणं रिकामी सोडा. आवाज शक्यतो त्याच वयाच्या मुलाचा घ्या. सहा वर्षांच्या मुलीच्या यंत्रातून काकांचा घोगरा आवाज आला, तर ती ते कशाला वापरेल?

आणि यंत्र देऊन बाजूला होऊ नका. मोठ्यांनी बोलताबोलता तीच बटणं दाबून दाखवावी लागतात, तीही अनेक महिने, मुलाकडून उत्तराची घाई न करता.

बटणांवरच्या चित्रांसाठी अनेक जण अरासाक (ARASAAC) हा मोफत चित्रसंग्रह घेतात. त्याचा परवाना व्यावसायिक वापराला चालत नाही. यंत्र विकायचं असेल तर मलबेरी (Mulberry) या दुसऱ्या संग्रहातली चित्रं बघा, श्रेय देऊन आणि बदललेली चित्रं त्याच परवान्याखाली ठेवून ती वापरता येतात.