ओव्हरीच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधलं पी५३ आणि बीआरसीए कसं वाचायचं

मावशीचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा घरातल्या सगळ्यांची नजर एकाच ओळीवर अडकली, "पी५३ : म्युटंट पॅटर्न, ओव्हरएक्सप्रेशन". मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, अशा स्लाइड्स रोज हाताखालून जातात, पण वर आपल्या माणसाचं नाव असलं की पोटात गोळा येतोच. मावसभावाने विचारलं, "ताई, हे निगेटिव्ह आलं असतं तर बरं झालं असतं ना गं?" त्या रात्री त्याला जे समजावून सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण बहुतेक घरांमध्ये हाच घोळ होतो.

रिपोर्ट हातात आला की लगेच पी५३ वर उडी मारू नका, आधी कॅन्सरचा प्रकार कुठे लिहिलाय तो शोधा. ओव्हरीचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नाही. सगळ्यात जास्त दिसतो तो हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा, साधारण ७० टक्के केसेस याच्या, बाकी एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल, म्युसिनस, लो ग्रेड सिरस वगैरे. प्रकार बदलला की पेशीतला कुठला राखणदार गेलाय तेही बदलतं आणि पुढच्या सगळ्या ओळींचा अर्थ त्यावरच ठरतो.

आता राखणदार म्हणजे काय ते बघू. प्रत्येक पेशीत काही प्रोटीन्स अशी असतात की त्यांचं कामच पेशीला आवरणं, यांना ट्युमर सप्रेसर म्हणतात. पी५३ त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, १९७९ मध्ये सापडलं आणि १९९२ मध्ये डेव्हिड लेन यांनी त्याला जीनोमचा राखणदार म्हटलं. डीएनए तुटला की पेशीत पी५३ वाढतं, ते पी२१ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला कामाला लावतं, पेशीचं विभाजन थांबतं, तेवढ्या वेळात दुरुस्ती झाली तर ठीक, नाहीतर पी५३ त्या पेशीला स्वतःहून मरायला लावतं. हेच बिघडलं की तुटका डीएनए घेऊन पेशी वाढतच राहते, आणि प्रत्येक विभाजनात अजून गोंधळ साठत जातो. हाय ग्रेड सिरसमध्ये जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या गाठीत पी५३ च्या जीनमध्ये बिघाड असतो, २०११ मध्ये कॅन्सर जीनोम ॲटलासचा मोठा अभ्यास आला त्यात हा आकडा ९६ टक्के होता. म्हणून त्या प्रकारात "म्युटंट" हा शब्द बघून आपलाच कॅन्सर जास्त वाईट निघाला असं समजू नका, तो प्रकार ओळखायची ती खूणच आहे. त्यावरून स्टेज कळत नाही, आणि बहुतेक वेळा हा बिघाड आईवडिलांकडून आलेला नसतो, तो त्या गाठीतच झालेला असतो.

आता मावसभावाच्या प्रश्नाकडे येते. ही टेस्ट आम्ही कशी करतो ते बघितलं की उत्तर आपोआप कळतं. गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो, त्याचा तीन-चार मायक्रॉनचा पापुद्रा कापून काचेवर घेतात, त्यावर पी५३ ला चिकटणारी अँटिबॉडी घालतात, जिथे प्रोटीन असेल तिथे केंद्रक तपकिरी दिसतं आणि नसेल तिथे निळं. चांगलं चालणारं पी५३ असेल तर मायक्रोस्कोपखाली सरमिसळ दिसते, एक केंद्रक गडद, शेजारचं फिकट, त्याच्या पलीकडचं पूर्ण निळं. याला वाइल्ड टाइप म्हणतात आणि नॉर्मल म्हणजे हेच. बिघडलेलं असेल तर बहुतेक वेळा गाठीतली जवळपास सगळी केंद्रकं एकसारखी गडद तपकिरी होतात. कारण असं, की चांगलं पी५३ स्वतःच एमडीएम२ नावाचं प्रोटीन तयार करवून घेतं आणि ते एमडीएम२ पी५३ ला मोडून टाकतं, म्हणजे काम झालं की साफसफाई होते, पण बिघडलेल्या पी५३ ला तेवढंही जमत नाही म्हणून ते नुसतं साठत जातं. म्हणजे प्रोटीन भरपूर आहे पण कामाचं नाही.

आणि तिसरा पॅटर्न म्हणजे नल. इथे गाठीतली सगळी केंद्रकं निळी, तपकिरीचा मागमूस नाही, पण आजूबाजूच्या चांगल्या पेशींमध्ये मात्र फिकट तपकिरी ठिपके दिसतात, म्हणजे टेस्ट नीट झालीये, गाठीतच पी५३ उरलेलं नाही. हासुद्धा म्युटंटच! त्यामुळे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह या शब्दांवर जाऊच नका, वाइल्ड टाइप आहे की म्युटंट आहे एवढंच विचारा, आणि रिपोर्टमध्ये नुसतं "पी५३ पॉझिटिव्ह" लिहिलं असेल तर पॅटर्न कुठला ते लिहून मागा.

क्लिअर सेल किंवा एंडोमेट्रिऑइड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एआरआयडी१ए, पीटीईएन अशी दुसऱ्या राखणदारांची नावं जास्त येतात, क्लिअर सेलच्या जवळपास निम्म्या गाठींमध्ये एआरआयडी१ए बिघडलेलं सापडतं. याच प्रकारांत एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ अशी चार नावं एकत्र दिसतील, ही डीएनएची कॉपी करताना झालेल्या चुका सुधारणारी प्रोटीन्स. समोर "रिटेन्ड" किंवा "इन्टॅक्ट" असेल तर ठीक, "लॉस" असेल तर लिंच सिंड्रोमबद्दल, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाबद्दल, विचारायलाच हवं, कारण तो घराण्यात चालतो.

आता बीआरसीए, ज्यावर खरं तर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही दोन्ही प्रोटीन्स डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकदम तुटल्या तर त्या बिनचूक जोडतात. ती नसतील तर पेशी कसंतरी ठिगळ लावून काम भागवते आणि चुका वाढत जातात, कॅन्सर त्यातूनच फोफावतो, पण त्याचं दुबळेपणही नेमकं तिथेच असतं. कार्बोप्लॅटिनसारखी केमोची औषधं डीएनएला जे नुकसान करतात ते अशा पेशींना भरून काढता येत नाही. आणि पार्प इन्हिबिटर्स नावाच्या गोळ्या दुरुस्तीचा दुसरा मार्गही अडवतात, म्हणजे दोन्ही वाटा बंद, पेशी मरते. ही कल्पना प्रयोगांतून दाखवणारे दोन पेपर २००५ मध्ये आले आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओलॅपरिब या पार्प इन्हिबिटर गोळीला मंजुरी मिळाली. पुढे काही पेशंटमध्ये गाठ बीआरसीए मध्ये नवा बदल करून दुरुस्तीची ताकद परत मिळवते आणि गोळी चालेनाशी होते, हेही माहीत असू द्या, म्हणजे डॉक्टर पुन्हा टेस्ट सांगतात तेव्हा का ते कळेल.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, बीआरसीए टेस्ट रक्तावर केली की गाठीवर? दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. रक्तात सापडलं म्हणजे जन्मापासून आहे, भाऊ-बहीण-मुलं यांच्यात प्रत्येकाला ५० टक्के शक्यता, आणि हे वडिलांकडूनही येतं, त्यामुळे "आईकडे कोणालाच नव्हतं" म्हणून टेस्ट टाळू नका. फक्त गाठीत सापडलं तर घरच्यांना सहसा धोका नाही पण औषधासाठी उपयोग आहेच. बीआरसीए नीट निघालं तरी एचआरडी टेस्टबद्दल, म्हणजे तुटलेला डीएनए जोडायची ताकद गाठीत कमी आहे का ते बघणाऱ्या टेस्टबद्दल विचारा, हाय ग्रेड सिरसच्या जवळपास निम्म्या गाठींमध्ये ही दुरुस्ती कुठल्या ना कुठल्या कारणाने लंगडी असते. "व्हीयूएस" लिहिलं असेल तर बदल आहे पण घातक की नाही ते अजून ठरलेलं नाही, त्यावर घाईने ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका.

घरातल्या बायकांसाठी आकडे सांगते, घाबरवायला नाही. एरवी आयुष्यभरात ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता एक टक्क्याच्या थोडी वर, बीआरसीए१ बिघडलेलं असेल तर साधारण ३९ ते ५८ टक्के, बीआरसीए२ असेल तर १३ ते २९. म्हणून मुलं झाल्यावर, बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४० आणि बीआरसीए२ असेल तर ४० ते ४५ च्या दरम्यान ओव्हरी आणि ट्यूब (गर्भनलिका) दोन्ही काढण्याबद्दल डॉक्टर बोलतात. ट्यूब का, तर हाय ग्रेड सिरसची सुरुवात बऱ्याचदा ओव्हरीत होतच नाही, ट्यूबच्या झालरीसारख्या टोकाला होते, तिथल्या चिमुकल्या डागात पी५३ चा तोच बिघाड सापडतो जो पुढे मोठ्या गाठीत दिसतो.

मेणाचा ब्लॉक लॅबमधून कधी हरवू देऊ नका, दुसरं मत घ्यायला जाताना स्लाइड्सबरोबर तोही न्या, पुढच्या टेस्ट त्याच्यावरच होतात. आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये जीनच्या नावापुढे अक्षरं-आकड्यांची जी लांबलचक ओळ असते तिचा फोटो काढून घरच्यांना पाठवा, कारण ती ओळ हातात असली की भावंडांच्या टेस्टमध्ये नेमका तोच बदल शोधता येतो. आम्ही मावशीच्या फाइलच्या पहिल्या पानावर ती मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीये, आणि मावसभावाने पुढच्याच आठवड्यात रक्त दिलं.