मुलांचा अभ्यास घेताना या चुका टाळा: खोडरबर त्याच्याच हातात राहू द्या

गेली 27 वर्षं मी गणित शिकवतेय. मुलं दर वर्षी नवी येतात, पालकांच्या चुका मात्र त्याच. सर्वांत मोठी आधी सांगते, कारण ती बेफिकीर पालक करत नाहीत. जीव लावून अभ्यास घेणारेच करतात. मुलाचं उत्तर चुकतंय असं दिसलं रे दिसलं की यांचा हात खोडरबराकडे जातो.

2017 मध्ये शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होऊ लागली, त्यानंतरच्या एका वर्षाची गोष्ट. आठवीतल्या एका मुलाचे वडील रोज रात्री त्याला घेऊन बसायचे. त्याची सराव वही मी पाहिली. पानं खोडून खोडून पातळ झालेली, एक-दोन ठिकाणी चक्क भोकं, आणि खोडलेल्या जागी वडिलांच्या अक्षरात बरोबर उत्तर. वर्गात तो गणित नीट सोडवायचा, पण मग पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघत बसायचा. मी मान हलवल्याशिवाय पुढचं गणित सुरू होत नसे.

वडिलांना बोलावून सांगितलं. ते म्हणाले, "बाई, परीक्षा तोंडावर आलीय. आता त्याला चुका करत बसायला वेळ कुठाय?"

पहिला पेपर भाषा आणि गणिताचा, 75 प्रश्न आणि 90 मिनिटं. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत घेऊन तो मला दाखवायला आला. गणिताचे 19 प्रश्न कोरे. तेच प्रश्न मी त्याला समोर बसवून घातले, तर त्यातले 14 त्याने सोडवले. "मग तिथे का सोडलेस रे?"

"बरोबर आहे का ते सांगायला कोणी नव्हतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या मुलीच्या वेळी मी केलं ते सांगते. ती अभ्यासाला बसली की मी शेजारी बसायचेच नाही, स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायचे. तिने "झालं" म्हटलं की मगच वही हातात घ्यायची आणि एवढंच म्हणायचं, "दहातली तीन चुकलीत, शोध." कुठली तीन, ते सांगायचं नाही. सुरुवातीला रडारड होते, अर्ध्या तासाचा अभ्यास दीड तास चालतो. घाईच्या पालकांचा धीर इथेच सुटतो आणि चौथ्या दिवशी ते क्लास लावून मोकळे होतात. क्लासला माझा विरोध नाही. पण तिथेही आयती उत्तरंच मिळणार असतील तर पैसे घालवून तुम्ही तीच चूक करताय. पंधरा दिवस कळ काढा.

दप्तर तुम्ही भरू नका. वही विसरली तर बोलणी खाईल, काही बिघडत नाही. प्रकल्पासाठी दुकानातला तयार थर्माकोलचा किल्ला आणू नका, तो आम्हाला लांबून ओळखू येतो. भावंडांशी तुलना चुकूनही नको. आणि शाळेत मुलांना मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, तेव्हा घरी चालतं अशी स्वतःची समजूत घालू नका.

आणखी एक चूक मला पालकसभेत हमखास दिसते. प्रश्न मी मुलाला विचारते, उत्तर आई-वडील देतात. मूल खाली बघून बाकाची कड नखाने कुरतडत राहतं. हल्ली मी खुर्ची मुलाकडे वळवते आणि थांबते. कधी मिनिटभर कोणीच बोलत नाही. एका आईने मला वर्षभर सांगितलं होतं, "हिचं लक्षच नसतं हो अभ्यासात." त्या दिवशी मी अशीच थांबले. आईने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी हाताने थांबवलं. मग सहावीतली ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मला फळ्यावरचं दिसत नाही."