बालवाडीतल्या मुलाचं निरीक्षण: डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे समजलेलं

निरीक्षणाच्या वहीत ‘मुलगी हट्टी आहे’ असं वाक्य आलं की ती नोंद वाया गेली. हट्ट डोळ्यांना दिसत नाही. ताईंनी डबा मागितला, मुलीनं तो छातीशी घट्ट धरला आणि भिंतीकडे तोंड केलं, एवढंच दिसतं. तेवढंच लिहायचं. मुलं कशी वाढतात, याचे सिद्धांत मांडणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे, वायगॉट्स्की, एरिक्सन यांची पाळी त्यानंतर.

साडेतीन ते साडेपाच वर्षांचं एक मूल निवडा. पालकांची परवानगी घ्या आणि वहीत नावाऐवजी खूण वापरा. वय मात्र वर्षं आणि महिने असं लिहा. या वयात चार महिन्यांनीही बराच फरक पडतो. पहिले दोन दिवस काहीही न लिहिता वर्गात नुसतं बसा, कारण नवं माणूस दिसलं की मुलं त्याला दाखवण्यासाठी वागतात. मग तीन वेगवेगळ्या दिवशी दहा ते पंधरा मिनिटं पाहा: एकदा मुक्त खेळात, एकदा ताईंनी दिलेल्या कामात, एकदा खाऊच्या वेळी. खाऊच्या आधीचा अर्धा तास टाळा. भुकेल्या मुलाची चिडचिड स्वभाव म्हणून वहीत शिरते.

पानाचे दोन भाग करा. डावा मोठा भाग पाहिलेल्यासाठी. उजवा अरुंद भाग संध्याकाळपर्यंत कोरा ठेवायचा. दर एक-दोन मिनिटांनी वेळ टाका. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवा, शुद्ध करू नका. डावीकडची नोंद साधारण अशी दिसते:

‘१०.१२. वय ४ वर्षं ७ महिने. सात ठोकळ्यांचा मनोरा. आठवा ठेवताना पडला. कुणाकडेही न बघता: “मोठा खाली... मोठा खाली ठिवायचा.” मोठा ठोकळा तळाशी घेतला. १०.१५. नऊ ठोकळे झाले. आता गप्प.’

उजवीकडे काय लिहायचं? स्वतःशी चाललेलं असं बोलणं पियाजेला आत्मकेंद्री वाटलं: ऐकणाऱ्याला कळतंय का, याचा विचार लहान मुलाला अजून करता येत नाही. वायगॉट्स्कीच्या मते ते विचाराचं हत्यार असतं आणि पुढे तेच मनातल्या मनात बोललं जातं. कोणाचं म्हणणं इथे लागू पडतं, हे वेळेवरून कळतं. काम अडल्यावर बोलणं आलं आणि जमल्यावर थांबलं, म्हणून ही नोंद वायगॉट्स्कीकडे झुकते. ‘एकटीच बडबडत होती’ असं मोघम लिहिलं असतं, तर हा प्रश्न सुटलाच नसता.

संख्येची समज पाहायला बारा चिंचोके पुरतात. (कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया अशा परिसरातल्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं, महागडा संच लागत नाही.) सहा-सहाच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. ‘दोन्हीकडे सारखे, की एकीकडे जास्त?’ मूल ‘सारखे’ म्हणालं की त्याच्यादेखत एक ओळ लांबवा आणि तोच प्रश्न विचारा. चार-साडेचार वर्षांची बरीच मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. लगेच ‘संख्येचं अक्षय्यत्व नाही’ (म्हणजे मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, ही समज नाही) असं लिहू नका. मोठ्या माणसानं तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपलं चुकलं असं मुलाला वाटतं. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी खोडकर अस्वलाच्या खेळण्याकडून ओळ विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. तुम्हीही दुसऱ्या दिवशी बाहुलीकडून विस्कटवून पाहा आणि दोन्ही उत्तरं लिहा. ‘कशावरून?’ हे विचारायचं विसरू नका. मुलानं दिलेलं कारण त्याच्या उत्तरापेक्षा जास्त सांगून जातं.

मूल कुठे अडलं तर मदत पायरीपायरीनं वाढवा: आधी थांबा, मनात वीस मोजा; मग नुसतं बोट दाखवा; मग एका वाक्याची सूचना; शेवटी हाताला धरून बरोबर करा. कोणत्या पायरीवर जमलं ते नोंदवा. वायगॉट्स्कीचं ‘निकट विकासाचं क्षेत्र’, म्हणजे एकट्याला जमत नाही पण थोड्या मदतीनं जमतं तेवढं, वहीत सापडतं ते इथेच.

खेळासाठी दर तीस सेकंदांनी एक खूण: एकटं, नुसतं बघत, शेजारी पण आपापलं, मिळून. दहा मिनिटांत वीस खुणा होतात. बघत राहणारं मूल बुजरं ठरवण्याची घाई सगळ्यांनाच होते. नव्यानं आलेलं मूल आधी खेळाचे नियम बघून घेत असतं. घरी वारली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाचं गप्प राहणंही असंच चुकीचं वाचलं जातं. एरिक्सनचा ‘पुढाकार की अपराधभाव’ (मूल स्वतःहून काही करायला धजतं, की आपलं चुकतंय असं वाटून मागे सरतं) तर एका सकाळवरून कधीच ठरवू नये; त्यासाठी कित्येक आठवड्यांच्या नोंदी लागतात.

येत असलेले शब्द मूल विसरू लागलं, किंवा हाकेला वारंवार प्रतिसाद देत नसेल, तर सिद्धांत बाजूला ठेवून पालकांशी बोला आणि आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा त्यांना दाखवा. दाखवताना वहीची डावी बाजू पुढे करा, तारीख-वेळेसकट.