सासरचा कैदी पूर्वज शोधताय? मग या चुका टाळा

माझं माहेर कोकणातलं, घरी छापील कुलवृत्तांत आहे, पानं उलटली की पिढ्याच पिढ्या. सासर ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचं. मुलांसाठी त्यांच्या बाबाकडची वंशावळ करू म्हटलं तर मला वाटलं दोन वीकेंडचं काम. नवऱ्याच्या आजीला विचारलं तर म्हणे, आमचे कोणीतरी जहाजाने आले. अहो पण कसे आले?? १७८८ ते १८६८ मध्ये ब्रिटिशांनी साधारण १ लाख ६२ हजार कैदी इकडे ऑस्ट्रेलियात धाडले, आपल्याकडे अंदमान तसं त्यांचं हे काळं पाणी.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी वरून सुरुवात केली. कैद्यांच्या यादीत आडनाव टाकलं, पहिला जुळला तो उचलला आणि ट्रीला चिकटवला. पोर्ट आर्थरला, म्हणजे टास्मानियातल्या कैद्यांच्या वसाहतीत होता, फटके खाल्लेले, एकदम मसालेदार गडी, मी सासरी सगळ्यांना रंगवून सांगितलं आणि तीन महिन्यांनी कळलं की तो लग्न न करताच वारला होता, तेही आमच्या खापरपणजीच्या जन्माआधी. म्हणजे तीन महिने मी दुसऱ्याच्याच पूर्वजाचं श्राद्ध घालत होते. म्हणून आजीपासून सुरू करा आणि जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले घेत एकेक पायरी मागे जा. सरकारी नोंदणी टास्मानियात १८३८ ला, व्हिक्टोरियात १८५३ ला आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ ला सुरू झाली, त्याच्या मागे चर्चची रजिस्टरं.

आणि नुसतं नाव धरू नका. नाव, जहाज आणि साल, तिन्ही जुळलं तरच तो तुमचा माणूस. एकच जहाज चार-पाच वेळा कैदी घेऊन आलेलं असतं त्यामुळे साल महत्त्वाचं. तरी शंका राहिली तर अंगावरच्या खुणा बघा. कारकून उंची, डोळ्यांचा रंग, भुवईवरचा व्रण, दंडावर गोंदलेला नांगर असं सगळं लिहून ठेवायचे. वय पाच वर्षांनी इकडेतिकडे होईल, पण ५ फूट ३ चा माणूस पुढच्या कागदात ५ फूट १० होणार नाही ना.

आता 'सीएफ'. यात भलेभले फसतात. न्यू साउथ वेल्सच्या १८२८ च्या सेन्ससमध्ये सीएफ म्हणजे 'केम फ्री', स्वतःहून आलेला. कैद्याच्या नोंदीपुढे मात्र सीएफ आणि नंबर दिसला तर ते सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम, म्हणजे शिक्षा भोगून सुटलेला, बरोब्बर उलटं! आणि केम फ्री लिहिलंय म्हणून लगेच विश्वासही ठेवू नका. ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवरची मेरी रीबी आठवा. घोडा चोरला म्हणून पोरसवदा वयात पकडली गेली, तेव्हा मुलाच्या वेशात होती आणि नाव सांगितलं जेम्स बरो. १७९२ ला कैदी म्हणून आली, पुढे बक्कळ श्रीमंत झाली, मध्ये इंग्लंडला जाऊन आली आणि १८२८ ला बिनधास्त लिहून दिलं की मी १८२१ ला आले, फ्री. एका अर्थी खोटं पण नाही म्हणा 😄

तिकीट ऑफ लीव्ह सापडलं की लोक 'सुटला' असं लिहून टाकतात, तेही चूक. ते आपल्या पॅरोलसारखं, स्वतःचं काम करून खा पण ठरलेला जिल्हा सोडू नको. जन्मठेपवाल्याला सर्टिफिकेट मिळत नव्हतंच, त्याचा माफीनामा शोधा. अटींवरची माफी असेल तर बहुतेकांना मायदेशी परत जाता येत नव्हतं.

खटल्याचं गाव म्हणजे जन्मगाव नाही. कामाच्या शोधात लंडनला आलेला आयरिश माणूस लंडनलाच पकडला जाणार. खटल्याच्या जागी 'बॉम्बे' दिसलं की आपल्याला उगाच भरून येतं, पण हिंदुस्थानातल्या छावण्यांतल्या गोऱ्या सोल्जरांचं कोर्ट मार्शल करूनही इकडे पाठवायचे, तेव्हा आधी ते तपासा.

लग्नाची नोंद मिळत नसेल तर परवानगीचे अर्ज बघा, कैद्याला लग्नाला सरकारची परवानगी लागायची. येताना 'विवाहित' लिहिलेलं असलं की अर्ज नामंजूर, मग काही दिवसांनी तोच गडी स्वतःला विधुर म्हणवतो. खरंच होता की बायको तिकडे लँकेशायरमध्ये वाट बघत होती, देव जाणे.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांत खापरपणजी शोधत असाल तर थांबा, १८५० ते १८६८ मध्ये तिथे पाठवलेले सगळे पुरुषच होते.

अजून एक, टाइप केलेल्या इंडेक्सवर थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडाच. जुनं वळणदार अक्षर वाचताना ध चा मा सर्रास होतो, आमच्या आडनावातला एस कोणीतरी एल वाचला होता म्हणून खरा माणूस इतके दिवस सापडलाच नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह या वेबसाइटवर जुने पेपर फुकट आहेत, तिथेही मशीनने वाचलेला मजकूर असतो, त्यामुळे आडनाव तीन-चार वेगवेगळ्या चुकीच्या स्पेलिंगने टाकून बघा आणि सोबत जहाजाचं नाव टाका.